किल्ल्यावरची शाळा

‘अभ्यास केला नाहीस तर बोर्डिंगात टाकीन हं!’ ही धमकी आपल्या मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती खरी करणारा बाप मात्र विरळा. बोर्डिंग म्हणजे एक तर गरिबाच्या हुशार मुलाची सोय, नाही तर श्रीमंताच्या उनाड मुलावरचा उतारा, अशी आपली समजूत. या दोहोंत न बसणारी एक शाळा ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर आहे, आणि तिचे नाते सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्याशी आहे. म्हणून आज तिच्याविषयी चार शब्द.

हा किल्ला १८५८ साली इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याच जून महिन्यात झाशीची राणी ग्वाल्हेरीस पडली. जयाजीराव शिंदे तेव्हा आग्र्याला इंग्रजांच्या आश्रयास होते. (हे पान मराठी वाचकाने भरभर उलटावे असेच आहे.) पुढे अठ्ठावीस वर्षे वर गोरी पलटण राहिली. १८८६ साली झाशी घेऊन इंग्रजांनी किल्ला शिंद्यांना परत दिला, आणि १८९७ साली, नुकतीच विशी गाठलेल्या माधवराव महाराजांनी सरदारांच्या मुलांसाठी शाळा काढली. नावही सरळच, ‘सरदार स्कूल’. गोऱ्या शिपायांच्या बराकींत सरदारपुत्रांच्या खाटा पडल्या.

महाराजांना ही शाळा का हवीशी वाटली असेल, हे ताडणे कठीण नाही. लढाया संपल्या होत्या. तलवार खुंटीवर आणि जहागिरीचे उत्पन्न चालू, अशा वाड्यात मुलाला ठेवणे म्हणजे त्याला हुजऱ्यांच्या हवाली करणे. राजपुत्रांसाठी राजकोटला १८७० मध्ये राजकुमार कॉलेज आणि अजमेरला १८७५ मध्ये मेयो कॉलेज निघालेच होते. त्याखालच्या पायरीवरच्या मुलांचा विचार ग्वाल्हेरीत झाला.

१९३३ साली मात्र कुळाची अट गेली. शाळेचे नाव ‘सिंदिया स्कूल’ झाले आणि ती ‘पब्लिक स्कूल’ म्हणून इतरांना खुली झाली. इंग्रजी भाषेची ही एक गंमतच. जिथे पब्लिकला सहसा पाऊल टाकता येत नाही, तिला ती पब्लिक स्कूल म्हणते! पूर्वी दारावर आडनाव विचारीत. आता फी विचारतात, आणि वर्षाच्या फीचा आकडा लाखांत आहे. दुसरी अट पहिलीपेक्षा बरी, यात शंका नाही. कुळ बदलता येत नाही, पैसा निदान मिळवता तरी येतो. पण आपल्यासारख्या पगारदाराला दोन्ही दारे सारखीच उंच.

तरीही आत गेलेल्या मुलाला तिथे काय मिळते, ते पाहण्यासारखे आहे. पहाटेची घंटा, कवायत, वर्ग, खेळ, रात्रीचा अभ्यास. खाली साधारण तीनशे फुटांवर शहर आणि वर जवळच तेलीचे मंदिर. किल्ल्याच्या चढणीवरच्या चतुर्भुज मंदिरात ८७६ सालच्या शिलालेखात शून्य कोरलेले आहे; गणितात शून्य पडलेल्याला तेवढाच आधार! मुंबईचे अमीन सयानी याच शाळेचे विद्यार्थी. ‘बिनाका गीतमाला’ने घराघरांत पोचलेल्या त्या आवाजाला नाना प्रांतांच्या मुलांत राहून काही वळण लागले असेल, असे मला उगाचच वाटते.

वसतिगृहांची नावे ऐका: राणोजी, महादजी, जयाप्पा, दौलत, शिवाजी. धाकट्या मुलांच्या एका घराचे नाव आहे कण्हेरखेड. कोरेगाव तालुक्यातले, शिंद्यांचे मूळ गाव ते हेच. माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला इथे थांबावेसे वाटते. राज्ये गेली, ग्वाल्हेरीतल्या कितीतरी मराठी घरांत आता हिंदीच बोलतात. पण कुठल्या तरी लखनौच्या किंवा कोलकात्याच्या मुलाला ‘तू कुठे राहतोस?’ म्हणून विचारले, तर तो ‘कण्हेरखेड’ म्हणून सांगतो! त्याला कृष्णाकाठ ठाऊक असेल का?

ठाऊक नसेल तर नसो. त्याची खरी अडचण निराळी आहे. तो दहा-अकरा वर्षांचा आहे, आणि आई शेकडो मैलांवर. तो स्वतःचे अंथरूण घालायला शिकतो, न आवडणारी भाजी खातो, भांडण झाल्यावर त्याच मुलाशेजारी झोपतो. हे शिक्षण घरी मिळत नाही, हे मी मानतो. त्या वयाच्या मुलाने दारावरची बेल वाजवून ‘आई, भूक लागली’ म्हणणे, हे तिथे मिळत नाही, एवढेच माझे म्हणणे. सुटीत आलेला मुलगा पाहुण्यासारखा नीटनेटका वागू लागला की बापाला अभिमान वाटतो, आणि आई मात्र त्याच्या पसाऱ्याची वाट पाहत बसते.

शाळेची एक प्रथा मला फार आवडते. तिला ‘अस्ताचल’ म्हणतात. संध्याकाळी मुले किल्ल्याच्या कडेला उघड्यावर पायऱ्यांवर बसतात आणि सूर्य मावळताना पाहतात. तेव्हा कोणी बोलायचे नाही. मोठी मुले परीक्षेचा, सामन्याचा विचार करीत असतील. नव्याने आलेला धाकटा कशाचा विचार करतो, ते त्याला कोणी विचारीत नाही. थोड्या वेळाने अंधार पडतो आणि सगळी उठून जेवायला जातात.