सरदार्स आणि चिंतामणराव: सीमाभागातील सरकारी हायस्कुलांचा इतिहास

सीमाभागातील शाळांचा इतिहास बहुधा १ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला त्या दिवसापासून सांगितला जातो आणि पुढचे सारे कथन मराठी विरुद्ध कन्नड या एकाच अंगाने चालते. बेळगावचे सरदार्स हायस्कूल आणि शहापूरचे चिंतामणराव हायस्कूल या दोन सरकारी विद्यालयांचा भूतकाळ मात्र त्या चौकटीत मावत नाही. या भागात माध्यमिक शिक्षणाची घडी बसली त्या काळात मराठी आणि कन्नड घरांतली मुले हायस्कुलात एकाच वर्गात, एकाच शिक्षकापुढे बसत होती, आणि हे वास्तव आजच्या वादात जवळजवळ विस्मरणात गेले आहे.

बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा काढून बेळगाव जिल्हा निर्माण झाला. लष्करी छावणी, जिल्हा कचेरी आणि दक्षिण मराठा मुलखातील संस्थानांचा राजकीय कारभार एकाच गावी आल्याने इंग्रजी जाणणाऱ्या कारकुनांची गरज येथे लवकर भासू लागली. लंडन मिशनचे काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झाले होते. या मिशनने १८३२ मध्ये काढलेली इंग्रजी शाळा पुढे बेनन स्मिथ हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली, तर छावणीच्या परिसरात १८५६ मध्ये सेंट पॉल्स उभे राहिले. सरकारी हायस्कुलाचा पाया याहून वेगळा होता. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्राने, प्रत्येक प्रांतात स्वतंत्र शिक्षणखाते उभारण्याचा आणि खाजगी शाळांना अनुदान देण्याचा मार्ग घालून दिला, आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच्या प्रवेश परीक्षेपर्यंत, म्हणजेच मॅट्रिकपर्यंत, मुलांना नेणारी शाळा ती हायस्कूल असा अर्थ रूढ झाला. सरदार्स हे नाव या व्यवस्थेतही जुन्या सत्तेची खूण सांभाळून आहे. पेशवाई संपल्यावरही मानमरातब टिकवून असलेला दक्षिण मराठा मुलखातील सरदार-जहागीरदारांचा वर्ग त्या नावात उभा आहे.

अशा शाळेत कोणी बसावे, हा प्रश्न भाषेच्याही आधी जातीचा होता. जून १८५६ मध्ये शेजारच्या धारवाडात एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. मुंबई सरकारने स्पृश्य पालकांचा रोष ओढवू नये म्हणून त्या नकाराला पाठिंबा दिला, गव्हर्नर जनरलच्या मंडळाने नापसंती कळवली, आणि १८५८ मध्ये लंडनहून कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असाव्यात असे तत्त्व स्पष्ट केले. तत्त्व कागदावर उतरले तरी वर्गाचे दार उघडायला पिढ्या गेल्या. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे, शाळा आणि कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्ये संमत झाला. दोनच वर्षांनी, एप्रिल १९२५ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर बहिष्कृत वर्गाच्या परिषदेसाठी निपाणीला आले, आणि त्यांचे सहकारी बळवंत हणमंतराव वराळे यांनी पुढे धारवाडात दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे काम वाहिले. ज्या शहरात शिकायचे तेथे राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण नसेल, तर हायस्कूल सर्वांना खुले आहे या वाक्याला काही किंमत उरत नाही, हे या कार्यकर्त्यांनी नेमके ओळखले होते. सीमाभागातील शाळांच्या कोणत्याही इतिहासात या प्रकरणाला भाषावादाइतकीच पाने मिळायला हवीत.

आता भाषेकडे वळावे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या दक्षिण जिल्ह्यांत कारभाराची भाषा मराठी आणि लिपी मोडी होती, त्यामुळे कन्नड मुलखातल्या सरकारी शाळांतही सुरुवातीला मराठीचेच वर्चस्व राहिले. वॉल्टर एलियटसारख्या अधिकाऱ्यांनी आणि नंतर शिक्षणखात्यातील डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कन्नड शाळांसाठी जे प्रयत्न केले, ते या वर्चस्वाविरुद्धचे होते आणि न्याय्य होते. मराठी वाचकाने हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे, कारण आज मराठी पालक जी मागणी करतात तीच त्या काळी कन्नड पालकांची होती. हा झगडा मुख्यतः प्राथमिक शाळांपुरता होता. मुंबई इलाख्याच्या पद्धतीनुसार मूल प्राथमिक इयत्ता मातृभाषेत पूर्ण करी आणि मग इंग्रजी पहिलीत जाई. वरच्या इंग्रजी इयत्तांत गणित, इतिहास, भूगोल हे विषय इंग्रजीतून शिकवले जात. परिणामी हायस्कुलाच्या वर्गात मराठी मुलाला आणि कन्नड मुलाला एकच परकी भाषा सारख्याच कष्टाने शिकावी लागे, आणि बरोबरीच्या त्या कष्टात दोघांचा सहवास घडे. ही इंग्रजीची थोरवी नव्हे, कारण त्याच इंग्रजीने कितीतरी हुशार मुले मॅट्रिकच्या उंबऱ्यावर अडवून ठेवली.

शहापूरची गोष्ट आणखी वेगळी आहे. आज बेळगाव महापालिकेच्या हद्दीत असलेले हे विणकर आणि व्यापाऱ्यांचे गाव संस्थाने विलीन होईपर्यंत सांगलीच्या पटवर्धनांच्या अमलाखाली होते. त्यामुळे एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत पायी जाणारा माणूस ब्रिटिश मुलखातून संस्थानी मुलखात जात असे, आणि चिंतामणराव हे सांगलीच्या राजघराण्यातले नाव येथील हायस्कुलाला मिळाले त्यामागे हाच इतिहास आहे. राज्यकर्ते दोन असले तरी दक्षिणी संस्थानांतील हायस्कुलेही आपली मुले मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकलाच बसवत, म्हणून सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना अभ्यासक्रम, पुस्तके आणि परीक्षेची धास्ती एकच होती. मार्च १९४८ मध्ये दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि ही सरहद्द पुसली गेली. राजकीय सीमा शाळकरी मुलांना कशी ओलांडता येते, याचा इतका बोलका दाखला मराठी मुलखात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

वर्गाची विभागणी झाली ती एका चांगल्या सुधारणेमुळे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात माध्यमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचे धोरण हळूहळू रुजले, आणि शेतकऱ्याच्या, विणकराच्या, गवळ्याच्या मुलाला विज्ञान आणि भूमिती आपल्या भाषेत समजू लागली. त्याबरोबर एकाच शाळेत मराठी तुकडी आणि कन्नड तुकडी वेगळ्या झाल्या, तर अनेक ठिकाणी शाळाच वेगळ्या निघाल्या. १९१६ मध्ये सात शिक्षकांनी बेळगावात सुरू केलेली कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्था आणि मराठी समाजाने उभारलेल्या संस्था यांच्यामुळे शिक्षण खेड्यांपर्यंत पोहोचले, हे त्यांचे मोठे श्रेय आहे. तथापि सरकारी हायस्कुलाचे सर्वांना एकत्र बसवण्याचे काम त्यांच्याकडून होणे शक्य नव्हते.

१९५६ नंतरचा भाग परिचित आहे. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात गेला, पण त्याची बाजारपेठ आणि मोठ्या शाळा बेळगावातच राहिल्या. जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांची मुंबई राज्याच्या एसएससी परीक्षेची जागा म्हैसूर राज्याच्या एसएसएलसी या शालान्त परीक्षेने घेतली. जून १९८६ मध्ये शाळांतील कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन उसळले आणि त्यात नऊ जणांचा बळी गेला. शालेय अभ्यासक्रमाच्या प्रश्नावर माणसे गोळीला बळी पडावीत, ही कोणत्याही सरकारला लाज वाटावी अशी घटना आहे. पुढे ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्राथमिक शिक्षणाचे माध्यम राज्याला पालकांवर लादता येणार नाही असा निर्णय दिला. माध्यम आणि विषय यांतला फरक येथे ध्यानात घ्यायला हवा: बेळगावात राहणाऱ्या मुलाला कन्नड चांगले येणे त्याच्या हिताचेच आहे, आणि ते शिकवण्यासाठी त्याच्या मराठी वर्गातला विज्ञानाचा शिक्षक काढून घेण्याची गरज नाही.

निपाणीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा दिसतो. सिद्धोजीराव नाईक निंबाळकर यांची ही जहागीर १८३९ मध्ये वारसाअभावी खालसा झाली आणि गाव तंबाखूच्या व्यापारावर वाढले. १९६० मध्ये सुरू झालेले देवचंद महाविद्यालय निपाणीला लागून असले तरी ते ज्या अर्जुननगरात आहे ते महाराष्ट्राच्या कागल तालुक्यात मोडते. त्यामुळे निपाणीत एसएसएलसी झालेला विद्यार्थी पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, न जाता चालत सीमा ओलांडून महाराष्ट्राच्या अकरावीला बसू शकतो. मंडळ बदलते, पात्रता प्रमाणपत्राची धावपळ मागे लागते, पण मराठीतून पुढे शिकण्याची वाट खुली राहते. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांच्या मुलींना ही काही पावलांवरची वाट मिळणे म्हणजे काय, हे शहरातल्या पालकाला सहज कळणार नाही. १९८० च्या सुमारास या कामगार स्त्रियांच्या लढ्यात उभे राहिलेले सुभाष जोशी याच महाविद्यालयात प्राध्यापक होते, यावरून शिक्षणसंस्था आणि गाव यांचे नाते लक्षात येते.

सरकारी आणि अनुदानित मराठी शाळांचा पट आज घसरत आहे. त्याचे खापर केवळ सरकारवर फोडून भागणार नाही, कारण मराठीसाठी मोर्चात जाणारी पुष्कळ घरे आपली मुले इंग्रजी माध्यमात घालतात. पट कमी म्हणून शिक्षक नाही आणि शिक्षक नाही म्हणून पट कमी, अशा फेऱ्यात शाळा सापडली की तिचे विलीनीकरण दूर राहत नाही. अशा वेळी सर्वात आधी धोक्यात येते ते जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण नोंदवणारी जाड वही. जातीच्या किंवा जन्मतारखेच्या दाखल्यासाठी लोक अजूनही तिच्याच नोंदी शोधत येतात. कोणत्या गावची, कोणत्या भाषेची, कोणत्या जातीची मुले केव्हा आली आणि कितव्या इयत्तेत गळाली, हे त्या वह्यांतून जितके कळेल तितके कोणत्याही आयोगाच्या अहवालातून कळणार नाही. जिल्ह्यातल्या जुन्या हायस्कुलांतील या वह्यांची छायाचित्रे काढून घेण्याचे काम शिक्षणखात्याने, शाळा समित्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी मिळून येत्या सुट्टीतच हाती घ्यावे. त्यासाठी मोडी वाचणारी माणसे लागतील, कन्नड वाचणारी लागतील, आणि ती दोन्ही बेळगावात आजही आहेत.