विश्लेषण : छोट्या व्यवसायाला ‘सॅन’ची गरज किती? परवडणारी डेटा साठवण कशी निवडावी?

नंदुरबारच्या मिरची बाजारापासून नवापूरच्या कापड उद्योगापर्यंत हिशेब, बिले, वजनाच्या नोंदी आणि सीसीटीव्हीचे चित्रण आता संगणकावर असते. मोठ्या कंपन्यांत वापरली जाणारी ‘स्टोअरेज एरिया नेटवर्क’ म्हणजेच ‘सॅन’ ही साठवण यंत्रणा छोट्या उद्योगांच्याही आवाक्यात येत आहे. पण ती प्रत्येकाला हवीच का? कमी खर्चात कोणता पर्याय योग्य ठरतो?

हा प्रश्न आता महत्त्वाचा का?

पहिले कारण किमतीचे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरकडून मोठी मागणी असल्याने २०२५ च्या अखेरीस मेमरी चिप आणि एसएसडीचे दर जगभर चढले. अमेरिकेतील मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशल’ या नाममुद्रेखालील ग्राहक विक्रीतून बाहेर पडण्याची घोषणा ३ डिसेंबर २०२५ रोजी केली. अशा वेळी गरजेपेक्षा मोठी यंत्रणा घेणे अधिकच महागात पडते.

दुसरे कारण कायद्याचे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. व्यवसाय कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर ही मुदत ८ आर्थिक वर्षांची आहे. शिवाय संगणकीय हिशेबांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवण्याचे बंधन २०२२ मधील नियमबदलाने कंपन्यांवर आले. त्यामुळे ‘डिस्क खराब झाली’ हे कारण कर अधिकाऱ्यापुढे फारसे उपयोगी पडत नाही.

‘सॅन’ आणि ‘नॅस’मध्ये फरक काय?

‘नॅस’ म्हणजे नेटवर्कला जोडलेले सामाईक कपाट. कार्यालयातील सर्वजण त्यातील फोल्डर उघडतात, फायली ठेवतात, काढतात. कोणी काय पाहायचे, हे कपाटच ठरवते.

‘सॅन’चे काम वेगळे आहे. ते गोदामातील मोकळी जागा भाड्याने दिल्यासारखे असते. जागा मिळालेल्या सर्व्हरला ती स्वतःचीच डिस्क वाटते आणि तिच्यात काय, कसे मांडायचे हे तो सर्व्हर ठरवतो. वेग आणि लवचीकता यांसाठी ही रचना उपयोगी असते.

मात्र इथेच अनेकांचा गैरसमज होतो. ‘सॅन’ घेतले म्हणजे सर्वांना फायली वापरता येतील, असे नाही. साधी फाइल प्रणाली असलेली एकच जागा दोन सर्व्हरना एकाच वेळी जोडली, तर एकाने काय लिहिले हे दुसऱ्याला कळत नाही आणि डेटाच बिघडतो. सामाईक वापरासाठी त्यावर क्लस्टरची वेगळी व्यवस्था लागते.

‘सॅन’ची खरी गरज कोणाला?

दोन किंवा अधिक सर्व्हर आहेत, त्यांवर अनेक आभासी संगणक चालतात आणि एक सर्व्हर बंद पडला तरी काम दुसऱ्यावर लगेच सुरू व्हायला हवे, अशा ठिकाणी ‘सॅन’ शोभते. रात्रंदिवस चालणारे रुग्णालय, अनेक शाखांची पतसंस्था, मोठा डेटाबेस वापरणारा कारखाना ही त्याची उदाहरणे.

याउलट पाच-सात संगणक, एक हिशेबाचे सॉफ्टवेअर, बिलांच्या पीडीएफ आणि काही कॅमेरे एवढाच पसारा असेल, तर दोन किंवा चार डिस्कचे ‘नॅस’ पुरते. हिशेबाचे सॉफ्टवेअर थेट ‘नॅस’वरून चालवण्यास त्याच्या कंपनीची मान्यता आहे का, हे आधी विचारावे. नसेल तर सॉफ्टवेअर सर्व्हरवर ठेवून ‘नॅस’ बॅकअपसाठी वापरता येते. बहुतेक छोट्या व्यापाऱ्यांसाठी हीच रचना सोपी आणि स्वस्त असते.

कमी खर्चात ‘सॅन’ कसे उभारता येते?

‘फायबर चॅनेल’ या जुन्या, भरवशाच्या पद्धतीसाठी स्वतंत्र कार्ड, केबल आणि स्विच लागतात. ‘आय-स्कझी’ ही पद्धत हेच काम नेहमीच्या इथरनेट नेटवर्कवरून करते. तिचे प्रमाणीकरण २००४ मध्ये झाले. आज चार डिस्कच्या अनेक ‘नॅस’ पेट्यांमध्ये ही सोय असते. म्हणजे एकाच पेटीत फोल्डरही ठेवता येतात आणि सर्व्हरला ‘सॅन’सारखी जागाही देता येते. ‘ट्रूनॅस’सारखे मुक्त सॉफ्टवेअर चांगल्या स्थितीतील सर्व्हरवर बसवून हे काम करता येते. मात्र ते सांभाळणारा जाणकार माणूस हाताशी हवा.

नेटवर्कचा वेगही पाहावा लागतो. एक गिगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जातात, प्रत्यक्षात त्याहून कमी. अनेक आभासी संगणक चालवायचे असतील तर दहा गिगाबिटची जोडणी घ्यावी. साठवणुकीची वाहतूक कार्यालयाच्या इतर वाहतुकीपासून वेगळी ठेवावी. पेटीत एकच कंट्रोलर असेल, तर तो बिघडल्यावर सगळेच थांबते, हेही लक्षात घ्यावे. दोन कंट्रोलरची यंत्रणा हा धोका कमी करते, पण खर्च लाखांत नेते.

‘रेड’ असल्यावर बॅकअप कशाला?

‘रेड’ म्हणजे एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहावे यासाठी केलेली जुळणी. चार टेराबाइटच्या चार डिस्क असतील तर ‘रेड ५’मध्ये वापरण्याजोगी जागा १२ टेराबाइट मिळते आणि एक डिस्क गेली तरी चालते. ‘रेड ६’मध्ये जागा ८ टेराबाइट, पण दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो.

मात्र कोणी चुकून फोल्डर पुसला, विजेच्या झटक्याने पेटीच जळाली किंवा खंडणीखोर व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, तर ‘रेड’ काहीच वाचवत नाही. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने इंटरनेटला थेट उघडी असलेली क्यूनॅप कंपनीची हजारो साठवण यंत्रे कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली होती. म्हणून डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी, हा ‘३-२-१’ नियम पाळला जातो. एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली असल्यास उत्तम.

मग सरळ क्लाउडच का नको?

क्लाउड ही दुसऱ्या जागेची प्रत म्हणून उत्तम. अडचण येते ती सगळा डेटा परत आणताना. इंटरनेटचा खरा वेग सेकंदाला २० मेगाबिट असेल, तर एक टेराबाइट उतरवायला साडेचार दिवसांहून अधिक लागतात. १०० मेगाबिटला सुमारे २२ तास लागतात. कार्यालयातील गिगाबिट नेटवर्कवर हेच काम तीन तासांच्या आसपास होते. मिरचीच्या ऐन हंगामात शेतकऱ्यांची वजने आणि देणी चार दिवस दिसली नाहीत, तर व्यापारी आणि शेतकरी दोघांचीही अडचण होते. त्यामुळे रोजची प्रत जवळ आणि महत्त्वाच्या नोंदींची प्रत क्लाउडवर, अशी विभागणी परवडते.

नंदुरबार जिल्ह्यात कोणती काळजी घ्यावी?

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. बंद खोलीत ठेवलेल्या डिस्कना ही उष्णता मानवत नाही. मिरची वाळवण्याच्या पथारीजवळ किंवा कापडाच्या कारखान्यात धूळ आणि तंतू पंख्यात अडकतात. म्हणून पेटी हवेशीर, धूळमुक्त जागी ठेवावी. वीज गेल्यावर पेटी आपोआप नीट बंद करेल असा यूपीएस घ्यावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

धडगाव किंवा अक्कलकुव्यासारख्या डोंगराळ तालुक्यात सुटा भाग पोहोचायला वेळ लागू शकतो. ‘रेड ५’मध्ये एक डिस्क गेलेली असताना दुसरी गेली, तर सारेच जाते. त्यामुळे त्याच क्षमतेची एक जादा डिस्क खरेदीच्या वेळीच घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

दरपत्रक घेताना काय विचारावे?

एकूण बजेटमध्ये पेटी, डिस्क, जादा डिस्क, यूपीएस, बॅकअपची डिस्क, क्लाउडचे भाडे आणि वार्षिक देखभाल हे सारे धरावे. विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत : दुरुस्तीसाठी माणूस किती तासांत येईल? बदली डिस्क कुठून येईल? सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळतील? पुढे जागा वाढवायची तर नवी पेटी लागेल का?

व्यवसायाने स्वतःला विचारायचे प्रश्न दोनच आहेत : काम किती तास बंद राहिले तर चालेल आणि किती तासांच्या नोंदी पुन्हा हाताने भरता येतील? उत्तर ‘एक दिवस’ असेल, तर ‘नॅस’ आणि दोन बॅकअप पुरतात. ‘काही मिनिटे’ असेल, तर ‘सॅन’वरील खर्च योग्य ठरतो. यंत्रणा कोणतीही घेतली, तरी अंतिम पैसे देण्यापूर्वी बॅकअपमधून एक फोल्डर प्रत्यक्ष परत आणून दाखवण्यास सांगावे आणि हीच चाचणी दर तीन महिन्यांनी करावी.