बंदूक, मतपेटी आणि भूमी

शीतयुद्ध हा शब्द उच्चारताच आमच्या वाचकांच्या दृष्टीपुढे बर्लिन, कोरिया, क्यूबा ही स्थळे उभी राहतात. हिंगोलीचे नाव कोणाच्याही मनात येत नाही. लोकशाही व साम्यवाद ह्यांच्या नावाने अमेरिका व रशिया ह्यांनी जो दीर्घ कलह मांडला, तो परक्याच्या अंगणातला, अशीच घरोघर समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. त्या कलहाचे एक संपूर्ण प्रकरण आमच्याच जुन्या राज्यात घडले, आणि त्याचा निकाल आमच्यापैकी कित्येकांच्या घरच्या जमिनीच्या कागदांत उतरला. त्याचे स्मरण करून देण्याचे ह्या महिन्यात आम्ही योजिले आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. पूर्वी हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. इकडे मराठवाडा व तिकडे तेलंगण, दोहोंचा धनी एकच. तेलंगणातील नळगोंडा व वरंगळ ह्या भागांत एकेका देशमुखाकडे सहस्रावधी एकर जमीन, आणि गरिबाच्या माथी 'वेट्टी' म्हणजे बिनमोल वेठ, अशी स्थिती होती. १९४६ साली तेथील शेतकऱ्यांनी साम्यवादी पक्षाच्या नेतृत्वाखाली शस्त्र उचलिले. मराठवाड्यात निजामाविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस झगडत होती. मार्ग भिन्न, तरी तोवर शत्रू एकच होता.

१९४७ साली जगाचे वारे फिरले. मार्च महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन ह्यांनी साम्यवादास अटकाव करण्याचे धोरण जाहीर केले. सप्टेंबरात रशियाच्या झ्दानॉव्ह ह्यांनी सारे जग दोन छावण्यांत विभागले गेले असल्याचे प्रतिपादिले. त्याचा प्रतिध्वनी कलकत्त्यास उमटला. फेब्रुवारी १९४८ च्या अधिवेशनात साम्यवादी पक्षाची सूत्रे भालचंद्र त्र्यंबक रणदिवे ह्या मराठी पुढाऱ्याच्या हाती आली, व नेहरूंच्या सरकाराविरुद्ध सशस्त्र उठावाचा मार्ग पक्षाने पत्करिला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला. मराठवाड्याने सुटकेचा श्वास टाकिला. तेलंगणात मात्र बंदुका खाली ठेविल्या गेल्या नाहीत. त्या आता भारतीय सैन्यावर रोखिल्या गेल्या, आणि त्या झुंजीत सहस्रावधी माणसे प्राणांस मुकली.

एप्रिल १९५१ मध्ये ह्याच प्रदेशात दुसरा एक मराठी पुरुष पायी चालत आला. विनोबा भाव्यांच्या हाती ना शस्त्र होते, ना सत्ता. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली गावच्या हरिजनांनी त्यांजकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी सभेत शब्द टाकिला, आणि एका जमीनदाराने शंभर एकर देऊ केली. भूदानाचा जन्म तेथे झाला.

त्याच वर्षाच्या आरंभी साम्यवादी पक्षाचे चार पुढारी गुप्तपणे मॉस्कोस जाऊन स्टालिनला भेटले होते. त्यांत श्रीपाद अमृत डांगे हे एक. ऑक्टोबरात पक्षाने लढा मागे घेतला. पुढील वर्षीच्या निवडणुकीत, पक्षावर तेथे बंदी असल्यामुळे, त्याची माणसे 'पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट' ह्या नावाने उभी राहिली, व हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांपैकी ४२ जागा त्यांनी जिंकिल्या. नळगोंड्याचे रवि नारायण रेड्डी ह्यांस तर लोकसभेसाठी खुद्द नेहरूंहूनही अधिक मते पडली. विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले ते व्ही. डी. देशपांडे, मराठी माणूस, पण निवडून दिला तेलुगू मतदारांनी!

ह्यातून आम्ही काय घ्यावे? सैन्याने गावे ताब्यात घेतली हे खरे. परंतु गावकऱ्यांचे मन सैन्याला ताब्यात घेता आले नाही, हे त्या मतांनी दाखविले. ते मन सभागृहात येऊन बोलू शकले, म्हणून बंदुकीचे प्रयोजन सरले. लोकशाहीचा खरा जय आम्ही हाच समजतो. मॉस्कोचा सल्ला वा अमेरिकेचे द्रव्य ह्यांहून शेतकऱ्याच्या पायाखालची जमीनच अधिक निर्णायक ठरली.

आता घरातली गोष्ट. १९४९ साली जहागिरी खालसा झाल्या, १९५० साली हैदराबादचा कूळकायदा आला, आणि आमच्या समाजातील कित्येक घराण्यांची शेते कसणाऱ्यांच्या नावे लागली. ओसरीवरचा तो विषाद अद्यापि पुरता निमालेला नाही. 'पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन लेखणीच्या एका फटकाऱ्याने गेली,' असे वडीलधारे म्हणत, आणि त्यांचे दुःख खोटे नव्हते. उत्पन्न बुडाल्याने कित्येक घरांतील मुलांस शिक्षणासाठी व चाकरीसाठी दूर जावे लागले. परंतु त्याच राज्याच्या दुसऱ्या भागात तीच जमीन लेखणीवाचून काय भावाने गेली, हे शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. येथे शेत गेले. तेथे शेताबरोबर माणसेही गेली. मात्स्यन्याय, म्हणजे मोठ्या माशाने लहानास गिळावे हा व्यवहार, कोणी तरी थांबविणारच होते. तो कायद्याने थांबविला, हे आमचे भाग्यच म्हणावयाचे.

अर्थात सारे साधले असे नव्हे. भूदानातील पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, पुष्कळ कागदावरच राहिली. १९९१ साली सोव्हिएत संघराज्य विसर्जित झाले, तेव्हा वाद संपला असे अनेकांनी जाहीर केले. परंतु मराठवाड्यातील शेतकरी कर्जापायी आजही जीव देतो, तोवर मूळ प्रश्न संपला असे आम्हांस म्हणवत नाही.

म्हणून घरातील एखादा तरुण नातू जेवताना तावातावाने साम्यवादाची बाजू मांडू लागला, तर आजोबांनी त्यास पानावरून उठवू नये. त्यास नळगोंड्याची हकीकत सांगावी, बंदुकीने काय झाले तेही सांगावे, आणि मग त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. ज्या घरात धाकट्याचे गाऱ्हाणे वेळेवर ऐकिले जाते, त्या घरात सहसा वाटण्या होत नाहीत. राज्याचेही तसेच आहे.