रेंजबाहेरचा छंद

पावसाळा सरला की सोलापूर जिल्ह्यात छंदांचा हंगाम सुरू होतो. 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. त्याचा पहिला दिवस सोलापूरचे सुपुत्र मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनाचा, शेवटचा डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनाचा. मग आकाश निवळते आणि गच्च्यांवर दुर्बिणी लागतात. पाठोपाठ शाळांची विज्ञान प्रदर्शने येतात, जानेवारीत मराठी भाषा पंधरवड्याच्या कार्यशाळा होतात. या कार्यक्रमांत आता तक्त्यांच्या जागी मोबाइल, टॅब नाहीतर प्रोजेक्टरला जोडलेला लॅपटॉप असतो. पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगणारे ॲप, रात्रीचे आकाश पडद्यावर उतरवणारे सॉफ्टवेअर, मुलांना स्वतःचा खेळ रचायला शिकवणारी प्रोग्रॅमिंगची साधने. साधने उत्तम आहेत, त्यातली बरीचशी फुकट आहेत. तरीही यातली कितीतरी प्रात्यक्षिके मुलांच्या डोळ्यांदेखत बंद पडतात, कारण ज्या इंटरनेटच्या भरवशावर ती मांडलेली असतात ते त्या जागी नसते.

हे दृश्य जिल्ह्यातल्या कोणत्याही शिक्षकाला परके नाही. पाहुण्यांचा सत्कार झालेला असतो, खिडक्यांना सतरंज्या लावून खोलीत अंधार केलेला असतो, पडदा उजळतो आणि त्यावर एक छोटे चक्र फिरत राहते. कुणीतरी दारापाशी जाऊन मोबाइल उंच धरतो. ‘सर, माझा हॉटस्पॉट घ्या, इकडे दोन दांड्या आहेत.’ हॉटस्पॉट जोडला जातो, तर सॉफ्टवेअर पुन्हा लॉगिन मागते. लॉगिनचा ओटीपी ज्या नंबरवर यायचा तो फोन नेमका त्याच खोलीत रेंज शोधत असतो. वीस मिनिटे अशी जातात. मग व्याख्याते ‘इथे तुम्हाला मृग नक्षत्र दिसले असते’ असे तोंडी सांगून वेळ निभावतात. मुले टाळ्या वाजवतात, वडापाव खातात आणि घरी जातात.

याला किरकोळ गैरसोय म्हणून सोडून देणे आता थांबवले पाहिजे. छंद हा बहुधा पहिल्या भेटीतच लागतो. ज्या मुलाच्या घरी वायफाय आहे, त्याचे प्रात्यक्षिक फसल्याने फारसे बिघडत नाही. ते संध्याकाळी घरी जाऊन तेच ॲप उघडून पाहते. करमाळा, सांगोला, अक्कलकोट तालुक्यांतल्या वाडीवस्तीवरच्या मुलीला मात्र वर्षातून एकदाच कुणीतरी हे दाखवायला आलेले असते. तिच्यासमोर ते चालले नाही, तर ती त्यातून एवढेच उचलते की ही गोष्ट शहरातल्यांची आहे, आपल्याकडे चालत नाही. ज्या मुलांपर्यंत पोचण्यासाठी हे कार्यक्रम काढले जातात, त्यांनाच आपण असे परत पाठवतो. धोक्याची घंटा आम्ही वाजवतो आहोत ती यासाठी.

नान्नजचे उदाहरण घ्या. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवरचे हे माळरान 1979 साली माळढोक अभयारण्यात आले. माळढोकचे दर्शन आता फार दुर्मीळ झाले असले, तरी चंडोल, धाविक, माळटिटवी, हिवाळ्यात येणारे भोवत्या असे गवताळ रानाचे पक्षी मुलांना दाखवायला याहून चांगली जागा जिल्ह्यात नाही. पण माळ हा माळ असतो. तिथे चांगले इंटरनेट मिळेलच असे कुणी धरून चालू नये. मुलांची सहल तिथे पोचते, गवतातून चंडोलाचा आवाज येतो, मार्गदर्शक ॲप उघडतात आणि ते म्हणते, आधी पक्षीसंच डाउनलोड करा. शेकडो एमबीची फाइल भर माळावर उतरवायची कशी?

इथे दोष ॲपचा नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने बनवलेल्या ‘मर्लिन’मध्ये आपल्या भागाचा पक्षीसंच आधी उतरवून ठेवला, तर आवाजावरून पक्षी ओळखण्याचे काम फोनवरच होते, त्याला नेट लागत नाही. ‘ई-बर्ड’वर पक्ष्यांची यादी माळावर नोंदवून ठेवता येते आणि घरी आल्यावर पाठवता येते. ही साधने करणाऱ्यांना ठाऊक होते की पक्षी टॉवरखाली राहत नाहीत. त्यांनी सोय करून ठेवली. आपण आदल्या रात्री घरच्या वायफायवर ती वापरून ठेवत नाही.

आकाशदर्शनाचेही तसेच. ‘स्टेलॅरियम’ हे मुक्त सॉफ्टवेअर 2001 पासून उपलब्ध आहे. ते लॅपटॉपवर एकदा बसवले की 6 लाखांहून अधिक ताऱ्यांची सूची त्याच्यासोबतच येते आणि नेटशिवाय ते तासन्‌तास चालते. तरी कार्यक्रमाच्या दिवशी ब्राउझर उघडून त्याची वेब आवृत्ती लावली जाते, कारण ती बसवावी लागत नाही. आणखी एक बारीक गोष्ट अशी की बसवलेले सॉफ्टवेअरसुद्धा कधी कधी आपले ठिकाण नेटवरून शोधायला जाते आणि ते न मिळाल्यास भलत्याच शहराचे आकाश दाखवते. म्हणून 17.67 उत्तर अक्षांश आणि 75.91 पूर्व रेखांश हे सोलापूरचे आकडे हाताने भरून तेच ठिकाण कायम करून ठेवायचे. पाच मिनिटांचे काम आहे. ते न केल्यामुळे पडद्यावरचा तारा आणि गच्चीवरचा तारा जुळत नाहीत आणि मुलांचा विश्वास दोन्हींवरून उडतो.

‘आता 5जी आले आहे, हा प्रश्न उद्या आपोआप सुटेल’, असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी 7 जून 2010 आठवावा. सॅन फ्रान्सिस्कोत ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज नवा आयफोन जगाला दाखवत होते आणि मंचावर त्या फोनवर साधे वेबपान उघडेना. सभागृहात श्रोत्यांनी आणलेली 570 वायफाय केंद्रे एकाच वेळी चालू होती. शेवटी जॉब्ज यांना श्रोत्यांना विनंती करावी लागली, लॅपटॉप मिटा, वायफाय बंद करा. पैसा, तंत्रज्ञ, तयारी कशाचीच तिथे कमतरता नव्हती. अडचण गर्दीची होती, आणि गर्दी तर प्रत्येक प्रदर्शनात असते.

मोबाइलवरच्या दांड्या टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतो तेवढेच सांगतात. त्या टॉवरची क्षमता किती जणांत वाटली गेली आहे ते सांगत नाहीत. संक्रांतीला सिद्धेश्वर महाराजांच्या गड्डा यात्रेला होम मैदानावर उभे राहून कुणीही हा अनुभव घ्यावा: दांड्या पूर्ण आणि साधा फोटोही जात नाही. आषाढीला पंढरपुरात तेच. शाळेतही चाळीस टॅब एका हॉटस्पॉटला जोडून एकदम एकच पान उघडायला सांगितले की त्या खोलीपुरती यात्राच भरते. त्यात जाड भिंती आणि पत्र्याचे छत सिग्नल अडवतात, आणि 5जीच्या वरच्या पट्ट्यातल्या लहरी भिंतीतून तुलनेने कमीच आत शिरतात. वीज गेली की राउटर बंद. रस्ता खोदताना फायबर तुटली की ग्रामपंचायतीपर्यंत आलेले नेटही बंद. टॉवर वाढतील, वाढायलाच हवेत. पण प्रात्यक्षिकाच्या दिवशी यातले काहीच आयोजकांच्या हातात नसते.

नेट असूनही कार्यशाळा कोलमडते, त्याचे उदाहरण मराठी विकिपीडियाचे. महाविद्यालयांत विकिपीडियावर लिहायला शिकवणाऱ्या कार्यशाळा होतात, आणि हा छंद मराठीच्या फार उपयोगाचा आहे. पण एका इंटरनेट पत्त्यावरून चोवीस तासांत सहाच नवी खाती उघडता येतात, हा विकिपीडियाचा नियम आहे. खोडसाळांना आवर घालण्यासाठी तो केलेला आहे. चाळीस विद्यार्थी कॉलेजच्या एकाच वायफायवर बसले की सातव्यापासून सगळे अडकतात आणि पहिला तास वाया जातो. यावरचा उपाय माहीत असणाऱ्यांना तो अगदी सोपा वाटतो: खाती आदल्या दिवशी घरून उघडून आणायला सांगणे, किंवा मर्यादा शिथिल करण्याची विनंती विकिमीडियाकडे आधीच करणे. ज्याला माहीत नाही तो मात्र ‘साइटच चालत नाही’ म्हणून कायमचा पाठ फिरवतो.

आता यापुढचा आणि अधिक गंभीर धोका. आजवर नेटशिवाय चालणारी छंदाची साधने हळूहळू नेटला बांधली जात आहेत. चित्रकलेचे, संगीताचे, फोटो सुधारण्याचे सॉफ्टवेअर विकत घेऊन बसवण्याऐवजी दरमहा भाडे भरून, दूरच्या सर्व्हरला विचारून वापरायचे. सर्व्हर बंद, तर साधन बंद. 2014 साली आलेला ‘द क्रू’ हा मोटार शर्यतीचा खेळ युबिसॉफ्ट कंपनीने 31 मार्च 2024 रोजी बंद केला, तेव्हा पैसे मोजून घेतलेला खेळ एकट्याने खेळणाऱ्यांच्या हातूनही गेला. त्यावरून युरोपात चळवळ उभी राहिली आणि तिच्या निवेदनावर दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या.  आपण हे खेळापुरते मानू नये, कारण नेट अखंड नसलेल्या गावात अशा साधनाचा सर्व्हर दर आठवड्याला बंद पडल्यासारखाच असतो.

लागणारी माहिती साधनाजवळच ठेवावी, हे सोलापूरला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. पूर्व भागातल्या यंत्रमागांवर जेकार्डची छिद्रे पाडलेली कार्डे पिढ्यान्‌पिढ्या चालली. कोणता ताणा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा ते त्या पुठ्ठ्यातल्या छिद्रांत लिहिलेले असते, आणि त्यातून सोलापुरी चादरीवर नक्षी उतरते. फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास आलेल्या या कार्डांवरूनच चार्ल्स बॅबेज यांना गणनयंत्राला सूचना देण्याची कल्पना मिळाली, म्हणजे आजच्या सॉफ्टवेअरची एक मुळी मागापर्यंत जाते. नक्षीची सगळी माहिती मागाशेजारी टांगलेली असल्याने विणकराला ती दुसऱ्या कुणाकडे मागावी लागली नाही. याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला आणि 2020 साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. पुस्तकांमागचा डिजिटल मजकूर ‘दीक्षा’ ॲपमध्ये आधी उतरवून घेऊन नेटशिवाय दाखवता येतो. साधने आहेत, जाणकारही आहेत. नाही ती फक्त सक्ती.

ती सक्ती पैसे देणाऱ्यांनी आणावी. जिल्हा नियोजन समिती, जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, विद्यापीठ आणि सामाजिक दायित्वाचा निधी देणारे उद्योग यांनी टॅब, संगणक किंवा सॉफ्टवेअर मंजूर करताना एक अट लेखी घालावी: नेट पूर्ण बंद ठेवून हे साधन शाळेचा एक दिवस चालले पाहिजे. चालत नसेल तर खरेदी करू नये. आयोजकांनी आदल्या दिवशी, त्याच खोलीत, फोन-लॅपटॉप फ्लाइट मोडवर टाकून कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत करून पाहावा. लागणाऱ्या फाइली पेनड्राइव्हवर असाव्यात, लॉगिन झालेले असावे. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचे असेल तर ‘स्क्रॅच’ची बसवून चालणारी आवृत्ती आधीच प्रत्येक संगणकावर टाकावी.

काही गोष्टी थेट नेटवरच होतात, हे मान्य. त्यांचे चित्रीकरण जवळ ठेवावे आणि ते दाखवताना ‘हे कालचे चित्रीकरण आहे’ असे मुलांना सांगावे. रेकॉर्ड केलेले थेट म्हणून दाखवणे ही फसवणूक आहे आणि विज्ञानाच्या कार्यक्रमात तर ती अक्षम्य आहे. सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ॲप बनवणाऱ्या तरुणांकडून आमची अपेक्षा याहून मोठी आहे. आपले ॲप पुण्याच्या कंपनीला दाखवण्याआधी त्यांनी ते मंगळवेढ्याच्या एखाद्या शाळेत, नेटशिवाय, मुलांच्या हाती देऊन पाहावे.

मुख्याध्यापकांना आणि पालकांना एक विनंती. यंदा अशा कोणत्याही कार्यक्रमाचे निमंत्रण आले तर होकार देण्याआधी आयोजकांना विचारा, की नेट बंद करून हे चालवून पाहिले आहे का? उत्तर ‘नाही’ आले तर आधी ते करून घ्या, मगच मुलांना न्या. त्यासाठी तारीख आठवडाभर पुढे गेली तरी जाऊ द्या.