चिखलाची बरणी, बर्फाची पेटी

भाईंदरहून वसईकडे येताना गाडी खाडीच्या पुलावर आली, की ओहोटीच्या वेळी डब्यात एक उग्र वास शिरतो. अगदी अंडं सडल्यासारखा! कुणी नाकाला रुमाल लावतं, कुणी म्हणतं, ‘चला, आलं नायगाव!’ हा वास येतो तिवरांच्या चिखलातून. आणि या चिखलाचं थेट उत्तर ध्रुवाजवळच्या गोठलेल्या मातीशी नातं आहे. कसं ते पाहू या.

आधी वसईच्या वाडीतलं केळीचं पान घ्या. हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडमधला कार्बन वापरून ते वाढतं. पुढे ते वाळून खाली पडतं. मातीतले जीवाणू आणि बुरशी त्याचा फडशा पाडतात. पानातला बराचसा कार्बन पुन्हा हवेत जातो. म्हणजे घेतलं आणि परत दिलं, हिशेब जवळजवळ पुरा!

तिवराचं पान मात्र खाडीच्या चिखलात रुततं. हा चिखल पाण्याने इतका गच्च भरलेला असतो, की आत हवा पोचतच नाही. म्हणून तर तिवराची मुळं श्वास घ्यायला काठ्यांसारखी वर येतात! हवा नाही, म्हणून कुजणंही अगदी सावकाश. जे थोडे जीवाणू हवेवाचून जगतात, त्यांच्यामुळेच तो सडका वास येतो. आई लोणच्यावर तेलाचा थर का ठेवते? हवा लागू नये म्हणून. इथे तेलाचं काम खाडीचं पाणी करतं. पानं, मुळं, लाकूड यांतला कार्बन चिखलात शेकडो वर्षं मुरत पडतो. कांदळवनातला बहुतेक कार्बन झाडांत नसतो, तो असतो खालच्या चिखलात!

आता ध्रुवाकडे वळू. सायबेरिया, अलास्का, कॅनडा इथली कितीतरी जमीन वर्षानुवर्षं गोठलेली असते. तिला ‘पर्माफ्रॉस्ट’ म्हणतात. उन्हाळ्यात फक्त तिचा वरचा थर सुटतो. तिथेही गवत उगवलं, मेलं, गाडलं गेलं. पण थंडीमुळे कुजलं नाही. २०१२ साली रशियन शास्त्रज्ञांनी अशा मातीत सापडलेल्या, सुमारे ३२,००० वर्षं जुन्या फळाच्या पेशींपासून चक्क रोप वाढवलं! ती तर बर्फाची पेटीच.

या पेटीत आहे तरी किती कार्बन? सुमारे १,५०० अब्ज टन! आज पृथ्वीच्या साऱ्या वातावरणात जेवढा कार्बन आहे, त्याच्या जवळजवळ दुप्पट.

पण घरातली लाइट गेली, की फ्रीजरमधल्या पापलेटचं काय होतं? अहो, तसंच तिकडे होऊ लागलंय. उत्तर ध्रुवाजवळचा प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा तिपटी-चौपटीने वेगाने तापतो आहे. माती खोलवर विरघळते, जीवाणू जागे होतात आणि हजारो वर्षांचं साठवण खायला लागतात. कोरड्या जागी कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो, पाणथळ जागी मिथेन. दोन्ही वायू उष्णता धरून ठेवतात. म्हणजे ऊब वाढली की माती विरघळते, आणि माती विरघळली की ऊब आणखी वाढते. आहे ना दुष्टचक्र?

ध्रुवाजवळच्या बदलांवर आपल्याही शास्त्रज्ञांचं लक्ष आहे. स्वालबार्ड बेटांवर २००८ सालापासून भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे. त्याचा कारभार पाहणारी संस्था आहे गोव्यात, वास्कोला!

सायबेरियातली पेटी इथून जाऊन बंद करता येत नाही. त्यासाठी साऱ्या जगाने कोळसा आणि तेल जाळणं कमी करायला हवं. पण चिखलाची बरणी आपल्या दारातच आहे. खाडीकाठी राडारोड्याचा भराव पडला, की भरतीचं पाणी अडतं, तिवरं मरतात, चिखल सुकून तडकतो आणि भेगांतून हवा आत शिरते. लोणच्यावरचं तेल ओतून टाकावं, तसंच हे! म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरं तोडायला आणि तिथे भराव टाकायला मनाई केली, आणि २०१८ साली ती कायम केली. २०१२ साली वनखात्यात खास कांदळवन कक्षही सुरू झाला. तरी रात्री येणारा राडारोड्याचा ट्रक आधी दिसतो तो काठावर राहणाऱ्यांनाच. तेव्हा असं काही दिसलं, तर घरी आणि शाळेत नक्की सांगा.

करून पाहा : केळीच्या पानाचे तीन सारखे तुकडे घ्या. एक कुंडीतल्या ओल्या मातीत पुरा. दुसरा बाटलीत चिखलाखाली दाबून वर चार बोटं पाणी ठेवा; झाकण घट्ट लावू नका. तिसरा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. दोन महिन्यांनी तिन्ही काढून बघा. सर्वांत आधी कोणता विरला, आणि का? उत्तर वहीत लिहा. आणि हो, चिखलाला हात लावल्यावर साबणाने धुवायला विसरू नका!