डाळिंबाची साल : गुण आणि दावा

सोलापुरी डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. घरोघरी त्याचे दाणे आवडीने खाल्ले जातात, साल मात्र टाकून दिली जाते. पूर्वी तसे नव्हते. कापड रंगविण्यासाठी आणि आयुर्वेदात अतिसारावर या सालीचा उपयोग होत आला आहे. तिच्यातील तुरट द्रव्यांना टॅनिन म्हणतात. प्युनिकॅलॅजिन हे त्यांपैकी प्रमुख होय.

तेल वा शेंगदाणे फार दिवस राहिले की खवट होतात, हा प्रत्येक दुकानदाराचा अनुभव आहे. हवेतील प्राणवायूमुळे स्निग्धांशात सुरू झालेली विक्रिया साखळीप्रमाणे पुढे सरकत जाते. टॅनिनसारखी द्रव्ये स्वतःजवळील हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतात. हाच त्यांचा अँटिऑक्सिडंट गुण. शिवाय ती प्रथिनांना घट्ट चिकटतात, त्यामुळे जंतूंचे कार्यही मंदावते. प्रयोगशाळेत जंतू वाढविलेल्या काचेच्या ताटलीत सालीच्या अर्कात भिजविलेली कागदी चकती ठेवली, तर तिच्याभोवती जंतुविरहित कडे उमटते.

येथवर सारे खरे आहे. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. प्रयोगातील अर्क पुष्कळदा अल्कोहोलसारख्या द्रावकात काढलेला व दाट असतो. घरचा काढा पाण्यातला असतो. शिवाय प्युनिकॅलॅजिनचा रेणू मोठा असल्याने तो जसाच्या तसा रक्तात फारसा उतरत नाही. पोटात त्यापासून एलॅजिक आम्ल निर्माण होते आणि आतड्यातील जिवाणू त्याचे युरोलिथिन बनवितात. हे जिवाणू प्रत्येकाच्या पोटात सारखे नसतात, म्हणून लाभही सारखा नसतो. ताटलीतील कडे हा केवळ नमुना आहे. नमुना पाहून माल न तपासता सौदा करणे कोणत्या पेढीला परवडेल?

फिनलंडमधील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांपैकी ज्यांना बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळले. फळे-भाज्यांतून मिळणारे द्रव्य वेगळे काढून मोठ्या मात्रेत घेतले, तर ते हितकारकच ठरेल असे नाही.

वनस्पतींच्या अर्कांना व्यापारात मानाचे स्थान जरूर आहे. रोझमेरीच्या पानांचा अर्क तेल खवट होऊ नये म्हणून युरोपात अधिकृतपणे वापरला जातो. मात्र अर्काच्या बाटलीवर ‘मधुमेह बरा होतो’ असे छापणे ही वेगळी गोष्ट आहे. मधुमेह, कर्करोग यांसारख्या व्याधी बऱ्या करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने आपल्याकडे मनाई केली आहे. असा माल दुकानात ठेवण्यापूर्वी व्यापाऱ्याने पुरवठादाराकडे माणसांवर झालेल्या चाचणीचा लेखी पुरावा मागावा. ग्राहकानेही अर्काच्या भरवशावर डॉक्टरांचे औषध थांबवू नये. त्यात जोखीम पैशांची नसते, घरातल्या माणसाची असते.