चार डिस्क, पण पेटी एकच!

"तुझ्या त्या पेटीत आहे ना सगळं? मग काळजी कशाला!" गेली कित्येक वर्षे आमच्या घरात हे वाक्य एखाद्या मंत्रासारखे म्हटले जाई. तळघरात, दिवाळीच्या आकाशकंदिलांच्या खोक्याशेजारी, माझा स्टोरेज सर्व्हर गुरगुरत असे. चार डिस्क, 'रेड-५' पद्धतीची मांडणी, समोर चार हिरवे दिवे. पॉटलकमध्ये कोणी विचारले की मी ऐटीत सांगायचो, "एक डिस्क मेली तरी आपलं काही जात नाही!"

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एक दिवा लाल झाला. खरे तर सर्व्हर तीन आठवडे ईमेलने ओरडून सांगत होता, पण ते ईमेल माझ्या जुन्या नोकरीच्या पत्त्यावर जात होते! मी नवी डिस्क बसवली आणि निवांत झोपायला गेलो. सकाळी पाहतो तो दुसरा दिवाही लाल. त्यात नवल काहीच नव्हते. चारही डिस्क मी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतल्या होत्या. त्या सारख्याच वापरल्या गेल्या आणि सारख्याच म्हाताऱ्या झाल्या. मेलेल्या डिस्कवरचा मजकूर नव्या डिस्कवर पुन्हा उभा करायचा तर उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. थकलेल्या बैलाला ऐन घाटात गाडीला जुंपावे, तसा हा प्रकार.

मग मात्र एक शहाणपणा केला. पेटी बंद केली. 'दुरुस्त करा' असे सांगणाऱ्या एकाही बटणाला हात लावला नाही. डिस्कवर क्रमांक लिहिले आणि 'डीडीरेस्क्यू' या मोफत प्रोग्रॅमने एकेक डिस्क नव्या डिस्कवर उतरवून घेतली. हा प्रोग्रॅम आधी धडधाकट भाग उचलतो आणि खराब जागी नंतर पुन:पुन्हा प्रयत्न करतो. पाच दिवस लागले. जुळवाजुळव फक्त त्या नकलांवर केली, मूळ डिस्क तशाच ठेवल्या. जवळजवळ सगळे परत मिळाले. पण जे गेले, ते काय असावे हे आपण ठरवत नाही.

२००४ साली साताऱ्याला माझ्या लेकीचे बारसे झाले, तेव्हा माझ्या आजीने पाळणा म्हटला होता. आजी पुढे पाच वर्षांनी गेली. ते चित्रण आता तिसऱ्या कडव्यापाशी अडकते, पडद्यावर हिरवे चौकोन येतात, आणि पुढे थेट पेढे वाटतानाचा गोंगाट. मूळ टेप? घर बदलताना मीच फेकून दिली होती. "आता सर्व्हरवर आहे ना!"

म्हणून मंडळी, अगदी स्पष्ट सांगतो. आपल्यासारख्या आयटीवाल्यांनी घरोघरी एक खोटा दिलासा विकला आहे. 'रेड' म्हणजे बॅकअप नव्हे! १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी ही कल्पना मांडली, ती अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून मोठ्या महागड्या डिस्कचे काम वेगाने करून घेण्यासाठी, आणि त्यातली एखादी बिघडली तरी काम थांबू नये यासाठी. बँकेला ते हवेच. आपल्या घरी दोन दिवस मुंजीचे फोटो दिसले नाहीत तर कोणाचे काय अडते? पण चुकून पुसलेली फाइल ही पेटी चारही डिस्कवर इमानेइतबारे पुसते. तळघरात पाणी शिरले, वीज पडली, चोरी झाली, तर चारही डिस्क एकदमच जातात.

"आमचं सगळं क्लाउडवर आहे" म्हणणाऱ्यांनीही हसू नये. फोनवर पुसले की तिथलेही पुसले जाते, अशी सोय बहुतेकांनी स्वत:च चालू ठेवलेली असते. आणि पासवर्ड घरात एकालाच ठाऊक! २०१९ मध्ये मायस्पेसने कबूल केले की सर्व्हर हलवताना लोकांनी अनेक वर्षे चढवलेली गाणी नष्ट झाली.

उलट उदाहरण पिक्सारचे. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २'च्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या, आणि बॅकअपही नीट चालत नव्हता असे तेव्हा कळले. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंमुळे. घरी तान्हे बाळ असल्याने त्या घरून काम करत, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. दुसऱ्या घरात, दुसऱ्या माणसाकडे!

आपल्याला हे नवे का वाटावे? तुकोबांची गाथा इंद्रायणीतून तरली. श्रद्धेने तो चमत्कार मानावा. पण अभंग लोकांच्या तोंडी होते आणि संताजी जगनाड्यांनी ते लिहून ठेवले होते, हेही परंपराच सांगते.

तेव्हा चौथ्या डिस्कचे पैसे पेटीत घालू नका. दोन साध्या डिस्क घ्या. एक घरी ठेवा, दुसरी दुसऱ्या गावातल्या मित्राकडे, आणि त्याची तुमच्याकडे. वर्षातून एकदा, पाडव्याला म्हणा, त्यातली एखादी फाइल उघडून बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत. आणि आपल्या मंडळाच्या नाटकांची, गणेशोत्सवांची चित्रफीत कोणाच्या तळघरात एकुलती एक पडली आहे, हा प्रश्न यंदाच्या सर्वसाधारण सभेत मी विचारणार आहे. उत्तर तयार ठेवा!

राहिला पाळणा. माझ्या आत्याने परवा फोनवर त्यातली दोन कडवी म्हणून दाखवली. शेवटचे तिला आठवत नाही. कोणालाच आठवत नाही.